इचारूक पैशे लागनत नाय!

मे महिना आला की आमच्या मालवणात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे मुंबईकरांनी ओसंडून वाहणाऱ्या गाड्या आणि दुसरी म्हणजे निकालात कोकण पहिलं! २०२५ सालचंच बघा ना. बारावीला कोकण विभागाचा निकाल ९६.७४ टक्के, दहावीला ९८.८२ टक्के. दोन्हीकडे राज्यात अव्वल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं विभागीय मंडळ झालं आणि २०१२ पासून त्याचा निकाल स्वतंत्र लागू लागला, तेव्हापासून हा पहिला नंबर आपण काही सोडलेला नाही. त्यातही मुली पुढे. घरोघरी पेढे येतात, आयांची छाती अभिमानाने फुलते. फुलायलाच हवी.

पण मैत्रिणींनो, खरं सांगा, त्यानंतर तीन वर्षांनी काय होतं? त्याच मुलीचा पदवीचा निकाल लागतो तेव्हा पेढे वाटायचं कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलगी मोबाईल घेऊन माजघरात बसलेली. आई स्वयंपाकघरातून मधूनमधून विचारते, ‘‘मग आता पुढे काय?’’ आणि बाबांनी, कुणाला न सांगता, एक-दोन ठिकाणी स्थळांसाठी शब्द टाकून ठेवलेला. गुणांमध्ये राज्यात पहिली आलेली आपली मुलगी नोकरीच्या वाटेवर मात्र पहिल्याच वळणावर का अडखळते? गेले काही दिवस हाच प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. निमित्त झालं ते एका बायोडाटाचं.

आमच्या शेजारची मुलगी परवा संध्याकाळी आली. यंदाच बी. कॉम. झालेली, फर्स्ट क्लास. ‘‘काकी, नोकरीसाठी बायोडाटा केलाय, जरा नजर टाका ना.’’ मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. नाव, जन्मतारीख, उंची पाच फूट दोन इंच, वर्ण गोरा, वडिलांचा व्यवसाय, भाऊ एक, बहीण एक (विवाहित), मामांचं आडनाव... मी म्हटलं, ‘‘बाय, हा नोकरीसाठी की स्थळासाठी?’’ ती खुदकन हसली. ‘‘ताईच्या लग्नाच्या बायोडाटावरनंच केला, काकी. घरात तेवढाच नमुना होता.’’

मीही हसले. पण ती गेल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. घरात तेवढाच नमुना होता! पोरीचं काही चुकलं नव्हतं. आपण तिच्यासमोर दुसरा नमुना ठेवलाच नाही, त्याला ती काय करणार?

त्या कागदावर सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘अनुभव – निरंक’. आता गंमत बघा. या मुलीच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात फोन घेणं, बुकिंग वहीत लिहिणं, आलेल्या ॲडव्हान्सचा हिशेब, कुणाला शाकाहारी जेवण, कुणाला गरम पाणी, कुणाची एसी चालत नसल्याची तक्रार... हे सगळं बारावीपासून तीच बघते. पुण्याचा एखादा मुलगा हेच काम एखाद्या हॉटेलात दोन महिने करेल आणि बायोडाटावर ठळक अक्षरांत लिहील. आमची मुलगी लिहिते, निरंक. कारण घरचं काम ते काय काम?

मी तिला विचारलं, ‘‘नोकरी कुठली हवीय?’’

‘‘कुठलीही चालेल. पण जवळची.’’

‘‘जवळची म्हणजे?’’

‘‘मालवणात. फार तर कुडाळ, कणकवली.’’

‘‘हे कुणी ठरवलं?’’

ती जरा गोंधळली. ‘‘कुणी नाही... म्हणजे, असंच.’’

‘‘घरी विचारलंस कधी?’’

‘‘नाही.’’

हे ‘नाही’ ऐकलं आणि माझ्या पोटात कालवल्यासारखं झालं. का, ते सांगते.

१९८६ साल. मीही नुकतीच बी. कॉम. झाले होते. मुंबईच्या एका कार्यालयात अर्ज टाकला होता, तोही मैत्रिणीने टाकला म्हणून. एक दिवस पोस्टमन पत्र घेऊन आला. मुलाखतीचं बोलावणं! तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण मार्गावर धावायला लागली १९९८ साली. रात्रभर एस. टी.त बसून जायचं, उतरायचं लालबागला मावशीकडे आणि मावशीच्या एका खोलीत आधीच सात माणसं. मी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवून दिलं. वडिलांना विचारलंच नाही. ते नाहीच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. म्हणजे तसं मला वाटत होतं. मुलाखतीचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी मी काय केलं तेसुद्धा आज आठवत नाही.

पुढे लग्न झालं, संसार झाला, शिकवण्या घेतल्या. तक्रार नाही माझी. पण वडील जाण्याच्या वर्षभर आधी असंच गप्पा मारताना त्या पत्राची गोष्ट त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘इचारलंस कित्याक नाय गो?’’ मी स्वतः तुला मुंबईपर्यंत सोडायला आलो असतो, म्हणाले. आलेही असते कदाचित. कदाचित नसते आले. पण मी न विचारताच त्यांच्या वतीने नाही म्हणून टाकलं होतं. हे आजही सलतं.

म्हणूनच मला वाटतं, करिअर मार्गदर्शन, नोकरीची तयारी वगैरे आपण जे म्हणतो, त्याची सुरुवात ना कोर्सपासून होते, ना क्लासपासून. ती विचारण्यापासून होते. आपण मुलींना उत्तरं लिहायला फार छान शिकवलं. प्रश्न विचारायला शिकवलं नाही.

खरं तर विचारण्याची ही विद्या आपल्याकडे काय कमी आहे का? मालवणच्या मासळी बाजारात जाऊन बघा. एकदा मी सुरमईच्या पाटीसमोर उभी राहून नुसतीच बघत होते. महाग असेल म्हणून दर विचारायचं धाडस होईना. तशी पाटीमागची मावशी म्हणाली, ‘‘गो बाय, इचारूक पैशे लागनत नाय!’’ ही मावशी पहाटे किनाऱ्यावर लिलावात उभी राहते, मासळीवर एक नजर टाकून बोली लावते, बर्फाचा खर्च धरते, उधारी लक्षात ठेवते आणि दुपारपर्यंत माल संपवून घरी जाते. बाजाराचा अंदाज, घासाघीस, तोटा सोसायची तयारी – कॉलेजात जे व्यवस्थापन म्हणून शिकवतात ते तिच्याकडे रोजचं आहे. आणि तिचीच पदवीधर नात मुलाखतीला गेली की ‘पगाराची अपेक्षा काय?’ या प्रश्नाला मान खाली घालून म्हणते, ‘‘तुम्ही द्याल तो.’’

आपल्या पुरुषांचं बघा. आपला जिल्हा पिढ्यान् पिढ्या मनीऑर्डरवर जगला. घरटी एक तरी माणूस मुंबईत. ते काय मोठमोठ्या परीक्षा देऊन गेले? गावच्या माणसाने गावच्या माणसाला विचारलं, गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवून घेतलं, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायला जागा दिली. जेवायला खानावळ, आणि ती चालवणारी बाईही बहुतेक वेळा आपल्यासारख्याच गावची. या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या दारात जाण्याऐवजी या बायका बँकेत जाऊन कर्ज विचारायला शिकल्या. १९८२ च्या गिरणी संपात कामगारांच्या घरात चूल पेटणं कठीण झालं, तेव्हा बायकांच्या अशा कमाईनेच कित्येक संसार तगले.

म्हणजे मुलग्याला नोकरी शोधताना अख्खा गाव पाठीशी असायचा. मुलीच्या पाठीशी? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. आपण याचं कौतुक करतो, पण त्यामागचं एक मोठं कारण साधं आहे. पुरुष बाहेर गेले, बायका घरी राहिल्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. मुलगा बारावी झाला की आपण विचारतो, ‘‘मुंबई की पुणे?’’ मुलीला मात्र विचारतच नाही. आणि मग तीही विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं म्हणजे नेमकं काय, कुणाला आणि केव्हा? सांगते.

पहिल्या वर्षाला असतानाच सुरुवात करा. मुलीला एक वही द्या आणि सांगा, आपल्या ओळखीत कमावत्या बायका कोण कोण आहेत त्यांची नावं लिही. बँकेतली, पोस्टातली, तलाठी कार्यालयातली, औषधांच्या दुकानातली, रक्त तपासणाऱ्या लॅबमधली, काजूचा कारखाना चालवणारी, वकिलाकडे टायपिंग करणारी, अंगणवाडी सेविका. बघता बघता पंधरा-वीस नावं होतील. मग त्यातल्या दोघी-तिघींकडे जा, वेळ मागून घ्या आणि दोन तास बसा. विचारायचे प्रश्न साधे. सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय करता? ही नोकरी तुम्हाला कळली कशी? पहिला पगार किती होता आणि पाच वर्षांनी किती झाला? कुठला कोर्स उपयोगी पडला आणि कुठल्या कोर्सवर पैसे फुकट गेले? माझ्या वयाच्या असतात तर आज काय वेगळं केलं असतंत? या पाच प्रश्नांची उत्तरं कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसतात.

माझ्या भाचीला लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. दोन दिवस ओळखीच्या लॅबमध्ये जाऊन बसली. रक्ताची भीती नव्हती तिला, पण दिवसभर बंद खोलीत यंत्रासमोर उभं राहणं आपल्याच्याने होणार नाही, हे तिला कळलं. दोन दिवसांत कळलं म्हणून बरं. दोन वर्षांची फी भरल्यावर कळलं असतं तर?

दुसरं म्हणजे, आपल्या आसपास काय उभं राहिलंय ते डोळे उघडून बघा. आपल्याला अजून डी. एड., बी. एड., नर्सिंग आणि बँक एवढंच दिसतं. २०२१ साली ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा ठिकाणी डॉक्टरांबरोबर परिचारिका, तंत्रज्ञ, एक्स-रे काढणारे, औषधनिर्माते, नोंदी ठेवणारे असे किती हात लागतात! मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी मिळते. समुद्राकाठच्या किती मुलींना आपण ते नाव सांगितलं? कुडाळजवळ मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. ज्या काजूच्या कलमांवर आपले संसार चालतात त्यातल्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती तिथेच तयार झाल्या. आंबा, काजू, कोकम पिकवणारी, प्रक्रिया करणारी, विकणारी शिकलेली मुलगी या जिल्ह्याला नको आहे का?

तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. आपण पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो आणि परत येतो. आपल्या मुलीला तिथे काम शिकता येईल, हे मनातही येत नाही. वेंगुर्ल्याच्या ‘स्वामिनी’ बचतगटाच्या बायकांनी मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. स्वतः होडी वल्हवायची आणि पर्यटकांना झाडांची, पक्ष्यांची माहिती सांगायची. आधी हे काम बायकांचं असं कुणी म्हटलं होतं का? कुणीतरी पहिल्यांदा विचारलं असणार, आम्ही केलं तर चालेल का?

आणि पैशांचं कारण असेल तर तेही एकदा नीट विचारून घ्या. २०२४-२५ या वर्षापासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घ्यायचा, एवढी अट. ‘इंजिनीअरिंग आपल्याला परवडायचं नाही’ असं म्हणून कित्येक घरांनी चौकशीच केली नसेल. कॉलेजच्या खिडकीवर विचारा. एकदा नाही कळलं तर दोनदा विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलींच्या आयांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा असतो, त्याला गुणही असतात. पण आपल्याकडे काय होतं? ओळखीच्या दुकानदाराकडून सही-शिक्का आणायचा की झालं. मी म्हणते, एवढी एक संधी फुकट घालवू नका. महिनाभर का होईना, मुलीला खऱ्या टेबलावर बसू द्या. फोन उचलू दे, चुकू दे, बोलणी खाऊ दे. पदवी झाल्यावर शिकाऊ उमेदवारीची सोय असते. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. अशा योजनांचे नियम आणि मुदती बदलत राहतात, म्हणून ओरोसच्या जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रात जाऊन त्या वेळी काय चालू आहे ते विचारायचं. त्याच केंद्रात आणि ‘महास्वयंम’ संकेतस्थळावर नावनोंदणी करायची. रोजगार मेळाव्याची तारीख लागली की मैत्रिणींना घेऊन जायचं. नोकरी नाही मिळाली तरी चार मुलाखती देऊन भीड चेपते, ते काय कमी?

शेवटच्या वर्षात कागदपत्रांची एक फाईल करून टाका. आधार, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला या सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना? नसेल तर आत्ताच दुरुस्त करा. जातीचा दाखला, लागत असेल तर वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, अधिवासाचा दाखला, एमएस-सीआयटी. जाहिरात आल्यावर सेतूच्या रांगेत उभं राहून रडण्यात अर्थ नाही. बायोडाटा एका पानाचा. त्यात उंची नको, वर्ण नको, मामांचं आडनाव तर नकोच नको. काय शिकले, काय काय काम केलं आणि काय येतं, एवढंच. ‘अनुभव’ या शब्दासमोर निरंक लिहिण्याआधी घरातल्या कामाकडे एकदा नव्याने बघा. बचतगटाचा हिशेब कोण लिहितं? गणपतीत मंडळाची वर्गणी कुणी सांभाळली? वाडीतल्या म्हाताऱ्यांचे ऑनलाईन अर्ज कोण भरून देतं?

मुलाखतीची तालीम स्वयंपाकघरातच होऊ शकते. भाजी निवडता निवडता तुम्ही साहेब व्हा. ‘‘स्वतःबद्दल सांगा’’ म्हटल्यावर मुलगी ‘‘माझे बाबा अमुक करतात, आम्ही तीन भावंडं’’ असं सुरू करेल. तिथेच थांबवा. बाबांना नोकरी द्यायची नाहीय, तुला द्यायचीय! इंग्रजी अडखळतं म्हणून रडू नये. पाच वाक्यं रोज मोठ्याने बोलली तर सहा महिन्यांत जीभ वळते. आणि शेवटी ‘‘तुम्हाला काही विचारायचंय?’’ म्हटल्यावर ‘‘नाही सर’’ म्हणून उठायचं नाही. कामाची वेळ काय, सुट्टी कुठली, पगार हातात किती येणार, शिकवणार कोण – विचारायचं. विचारणाऱ्या मुलीला लोक उद्धट समजतील ही भीती आपलीच. चांगला मालक तिला हुशार समजतो.

स्पर्धा परीक्षांबद्दलही मनातलं बोलते, राग मानू नका. जरूर द्याव्यात. पण किती वर्षं, हे सुरुवातीलाच ठरवावं. आणि त्या काळात हाताला दुसरं काहीतरी काम असावं. पंचविशीत पोहोचलेल्या, घरात कोंडून अभ्यास करणाऱ्या आणि कुणालाच तोंड न दाखवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांनाही कुणीतरी मायेनं विचारायला हवं, ‘‘हे जमलं नाही तर दुसरं काय करशील?’’

आता राहिली भीती. आई म्हणून ती मलाही कळते. परकं शहर, रात्रीची वेळ, अनोळखी माणसं. पण भीतीचं औषधही विचारणं हेच आहे. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा, डिपॉझिट मागणारा, फोनवर ओटीपी विचारणारा माणूस नोकरी देणारा नसतोच. तिथून उठून यायचं. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची आणि परत आणायची, कुणाकडे ठेवायची नाहीत. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. रुजू होताना समितीत कोण आहे हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. राहायची सोय आधी स्वतः जाऊन बघा. मुलगी जाईल तिथे पहिल्या वेळी आईनेही जावं असं मला वाटतं. त्या निमित्ताने आपलंही जग जरा रुंदावतं!

काहीजणी म्हणतील, सगळ्या पोरी बाहेर गेल्या तर गावात राहणार कोण? प्रश्न बरोबर आहे. मला सगळ्या मुलींना मुंबईच्या गाडीत बसवायचं नाहीय. दोन खोल्यांच्या चार खोल्या करणारी, कोकमाचं आगळ बाटलीत भरून लांब पाठवणारी मुलगी मला इथेच हवी आहे. २०२३ साली सरकारने महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं, त्यात पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा देण्याची तरतूद केली. त्याची चौकशी करणारी मुलगी मला हवी आहे. पण ती इथे राहिली तर विचार करून राहावी, आवडतं म्हणून राहावी. कुणी विचारलंच नाही म्हणून नव्हे.

जाता जाता, त्या शेजारच्या मुलीचं काय झालं ते सांगते. आम्ही दोघींनी बसून नवा बायोडाटा केला. ‘अनुभव’ या मथळ्याखाली पाच ओळी भरल्या. ती स्वतःच चकित झाली. मग तिने घरी विचारलं. बाबा म्हणाले, ‘‘मुंबईचं नंतर बघू, आधी कुडाळात तर करून बघ.’’ पूर्ण होकार नाही, पण दार बंदही नाही. कुडाळच्या एका हिशेबनिसांच्या ऑफिसात ती मुलाखतीला गेली. ‘‘कळवतो,’’ म्हणाले. आठ दिवस झाले, काही कळवलं नाही. पूर्वीची ती असती तर गप्प बसली असती. तिने फोन केला आणि विचारलं. ते विसरले होते! सोमवारपासून या म्हणाले. तीन महिने शिकाऊ, पगार बेताचाच. सकाळी सातच्या गाडीने जाते. आई स्टॉपवर सोडायला येते आणि मला बघून हात हलवते.

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं आटोपली की टीव्ही जरा बंद करा आणि लेकीला जवळ बसवून विचारा, ‘‘बाय, तुला काय करावंसं वाटतं? आणि कुठे?’’ उत्तर लगेच मिळणार नाही. ती म्हणेल, ‘‘कायपण.’’ उद्या पुन्हा विचारा.

मासळीवाल्या मावशीने सांगितलंच आहे. इचारूक पैशे लागनत नाय!